अण्णा, गाडी घेतली

तीर्थस्वरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर अण्णांनी मधेच "कशाला?" म्हणून विषय बंद केला असता, म्हणून लिहितेय. गाडी घेतली. स्कोडा सुपर्ब, 2021 ची, एकाच मालकाच्या हातची. पैसे दिलेत, कागदपत्रं माझ्या नावावर झालीत, तेव्हा आता "अजून विचार कर" म्हणू नका.

गाडी मोठी आहे. गल्लीत लोक काय बोलतील ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी पैशाचंच सांगते. 2024 ला नवी सुपर्ब आयात होऊन आली ती 54 लाखांची, तेही रस्त्याचा कर अन् विमा सोडून. त्या वाटेला मी गेलेच नाही. ही त्याच्या निम्म्याहून कमीत बसली. घरासाठी ठेवलेल्याला हात लावलेला नाही. हप्ता माझ्या पगारातून जातो, यांचा त्यात एक रुपया नाही. त्यामुळं जावयाच्या गाडीत कसं बसायचं, हा प्रश्न अण्णांनी मनातसुद्धा आणायचा नाही. शिवाय गाडी आपल्याकडचीच आहे, 2023 पर्यंत सुपर्ब संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातच जोडली जायची.

सगळे म्हणत होते उंच गाडी घे, आपल्याकडचे रस्ते बघ. मी त्याही बघितल्या. पण मणक्याच्या ऑपरेशननंतर अण्णा त्या भाड्याच्या गाडीत कसे चढले ते मी पाहिलंय. अन् मांजरसुंब्याच्या घाटात आईचं काय होतं ते लिहायला नको. उंच गाडी वळणावर डुलते, हिचं वजन खाली असल्यानं अंग तेवढं हलत नाही. सीट मात्र खाली आहे, हे खरं. अण्णा, आत शिरताना वाकायचं नाही. पाठमोरं होऊन आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, फिजिओथेरपीच्या बाईंनी पलंगावर शिकवलंय तसंच.

मागं इतकी जागा आहे की अण्णांना पाय लांब करता येतील. पुढच्या रिकाम्या सीटच्या कडेला बटण आहे, मागं बसूनच ती पुढं सरकवता येते. मागच्यांचा एसी वेगळा कमी-जास्त होतो, म्हणजे आईला गार वारा नको असेल तर भांडण नाही. खिडकीला पडदे आहेत. दारातच छत्री ठेवायची जागा आहे, छत्रीसकट. डिकी 625 लिटरची. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा माझी होस्टेलची पत्र्याची पेटी आठवली. अण्णा, तुम्ही ती डोक्यावर घेऊन केजच्या स्टँडवर एसटीमागं धावला होतात. मला खिडकी मिळवून दिलीत आणि स्वतः थेट संभाजीनगरपर्यंत उभे राहिलात. तेव्हा मी झोपून गेले होते, पण तुमचा हात माझ्या डोक्यामागं होता, खिडकीची दांडी लागू नये म्हणून. आता तुम्ही झोपायचं.

ओम्नी विकायची नाही. बाजाराला, योगेश्वरीला तीच न्या, तुमचा हात बसलाय तिच्यावर. फक्त तिनं केजच्या पुढं जायचं नाही, आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. तुमच्या चालवण्यावर शंका नाही, अण्णा. समोरून येणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांची मला भीती वाटते.

शनिवारी मी येतेय. रविवारी पहाटे निघू, सोमवारी डॉक्टरांची वेळ आहे. फाईल, एमआरआयच्या फिल्म आणि साखरेच्या गोळ्या आदल्या रात्रीच पिशवीत भरा. कमरेचा पट्टा बांधूनच बसा. गाडीचाही पट्टा मागं बसून लावायचा, दोघांनी. आठ एअरबॅग आहेत, पण पट्टा नसेल तर त्यांचा भरवसा नाही.

आई, उपाशी निघू नकोस, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. धपाटे कर, चटणी कोरडी घे. सीट पांढरट आहेत म्हणून गाडीत डबा उघडायला संकोचू नकोस, पुसलं की निघतं.

तुमची,
माई