अक्षरओळख झाली म्हणून गोष्ट थांबवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले वाचत नाहीत, याचे सारे खापर आपण मोबाइलवर फोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांतील एकच भाग सर्वतोमुखी झाला, तो म्हणजे दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एक तासाहून अधिक वेळ बसवू नये. मूल बसून असेल तेव्हा मोठ्यांनी त्याच्यासोबत वाचावे, त्याला गोष्टी सांगाव्यात, हे त्याच सूचनांत म्हटले आहे. त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. मोबाइल काढून घेणे सोपे असते, रिकाम्या झालेल्या वेळात स्वतः मुलाजवळ बसणे अवघड.

माझ्या मते खरी चूक होते ती मूल वाचायला शिकल्यानंतर. तोवर मांडीवर घेऊन वाचून दाखवणारे आईवडील ‘आता तुझे तू वाच’ म्हणून बाजूला होतात. सहा-सात वर्षांच्या मुलाची सारी शक्ती जोडाक्षरे जुळवण्यात खर्च होते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते. ऐकताना मात्र त्याला कितीतरी गुंतागुंतीचे कथानक सहज उमगते. म्हणजे जी गोष्ट त्याला रुचते ती वाचता येत नाही आणि जी वाचता येते ती पोरकट वाटते. अशा कोंडीत सापडलेले मूल, एकही अक्षर न जुळवता भलीमोठी गोष्ट दाखवणाऱ्या व्हिडिओकडे वळले, तर त्याला आळशी कसे म्हणावे?

म्हणून मूल स्वतः वाचू लागल्यावरही पुढची काही वर्षे त्याला रोज वाचून दाखवावे. पुस्तक त्याच्या वाचनाच्या आवाक्याहून थोडे वरचे घ्यावे, प्रकरण रंगात आले की थांबावे आणि पुस्तक त्याच्या हाताशी ठेवून उठावे. असे अर्धवट राहिलेले प्रकरण माझ्या मुलाने परस्पर वाचून टाकल्याचे एकदा लक्षात आले; मी काहीच न कळल्यासारखे दाखवून ते पुन्हा वाचले आणि त्यानेही तितक्याच गंभीरपणे ऐकले.

गोष्ट संपताच तात्पर्य विचारण्याचा मोह तेवढा आवरावा. त्याहून घातक आहे तो ‘वीस मिनिटे वाच, मग अर्धा तास मोबाइल देतो’ हा घरोघरी चालणारा सौदा, कारण त्यात वाचन ही मजुरी ठरते आणि मोबाइल ही बक्षिसी.

आपला नम्र,
एक पालक