लेखनिक हवेत, वाचक हवेत आणि तडा गेलेले लॅपटॉपसुद्धा चालतील

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा लागतात आणि परिसरातल्या अंध, अल्पदृष्टी व हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांची लेखनिकासाठी, म्हणजे परीक्षेत ते सांगतील ते उत्तर लिहून देणाऱ्यासाठी, धावाधाव सुरू होते. नांदेड, गडचिरोली, नंदुरबारहून पुण्यात शिकायला आलेल्यांची इथे ना मावशी असते, ना ओळखीचे शेजारी. या सत्रासाठी आमच्या लेखनिक गटाला ४० लेखनिक आणि स्कॅन केलेली पुस्तके वाचून दुरुस्त करणारे २५ वाचक हवे आहेत. दोन्ही कामे वेगळी आहेत. कोण कुठे चालतो हे आधी पाहा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

मदतीला सर्वांत आधी पुढे येतात ते निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, आयटीतले इंजिनिअर. अक्षर चांगले, वक्तशीरपणा चोख. पण नियमाप्रमाणे नेमके हेच लेखनिक म्हणून बसू शकत नाहीत. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवे. बीएच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीतले कोणी, एमएच्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गातले कोणी. काही केंद्रे शाखाही वेगळी मागतात. म्हणून अकरावीपासून एसवायपर्यंतची मुलेमुली हवीत, कॉमर्स-सायन्सची असली तर उत्तम. मात्र मराठी लिहिण्याचा सराव हवा. ऱ्हस्व-दीर्घापाशी पेन थबकले की पेपर मागे पडतो.

लेखनिकाला आम्ही दोन तास शिकवतो. प्रश्नपत्रिका सुरुवातीला गुणांसकट एकदा पूर्ण वाचायची. पर्याय वाचताना चारही पर्यायांना आवाज सारखा ठेवायचा. बरोबर उत्तरावर आवाज जड झाला तरी तो इशारा ठरतो. सांगितलेले वाक्य सुधारायचे नाही. विशेषनाम अनोळखी असेल तर अक्षरे विचारून घ्यायची. गुण सर्वाधिक जातात ते मात्र अगदी क्षुल्लक चुकीने: प्रश्न ३ (ब)चे उत्तर ३ (अ)च्या क्रमांकाखाली पडते आणि परीक्षार्थीला ते कळतच नाही. शेवटची दहा मिनिटे फक्त क्रमांक आणि पुरवण्या वाचून दाखवायला ठेवायची.

लेखनिक आणि परीक्षार्थी यांनी एक जुना पेपर तरी आधी एकत्र सोडवावा, हा आमचा आग्रह आहे. उदगीरकडचा मुलगा सांगतो आणि कोथरूडची मुलगी लिहिते, तेव्हा एकमेकांचे बोलणे कानात बसायला वेळ लागतो. तो वेळ परीक्षेच्या खोलीत काढणे परवडत नाही.

वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटे आहे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. कागदावर हे स्पष्ट आहे. तरी गठ्ठे बांधायची वेळ झाली म्हणून उत्तरपत्रिका मागितली जाते, बहुधा पर्यवेक्षकाला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून मार्गदर्शक सूचनांची प्रत, लेखनिकाचे हमीपत्र, ओळखपत्र आणि गरज असेल तिथे शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र असा संच आम्ही केंद्रावर आठवडाभर आधी पोचवतो. वेगळी खोली आणि शक्यतो तळमजलाही त्याच पत्रात मागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम १७मध्ये लेखनिक आणि वाढीव वेळ यांचा उल्लेख आहे, तेव्हा विनंतीअर्जाची भाषा आम्ही वापरत नाही. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्यांनीही संकोच करू नये. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक मान्य केला, आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२मध्ये अशांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

आता निवृत्त मंडळींकडे वळू. तुमची खरी गरज वाचक म्हणून आहे. पुस्तक स्कॅन करून संगणकाने अक्षरे ओळखली तरी मराठीत घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते, रफार उडतो, तळटीप वाक्याच्या मधोमध घुसते. मूळ पान समोर ठेवून हे दुरुस्त करायला माणूसच लागतो. आठवड्याला १५ पाने पुरेत. पानांचे आकडे पुसू नका, नाहीतर विद्यार्थ्याला संदर्भ देता येत नाही. शीर्षकाला नुसता ठळक ठसा नको, वर्डमधली शीर्षकाची शैली द्या. एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, त्यावरूनच एका प्रकरणातून दुसऱ्यात उडी मारते. प्रती करण्याबद्दल शंका असेल तर २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी अशा प्रतींना सवलत आहे. प्रती त्यांच्यापुरत्याच राहतात, बाहेर फिरत नाहीत.

प्राध्यापकांना एक कळकळीचे सांगणे: जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या नोट्स तुम्हाला पडद्यावर मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. नोट्स युनिकोडमध्ये द्या. जुन्या फाइल आमच्याकडे पाठवा, बदलून देऊ.

वस्तूंमध्ये वापरलेले लॅपटॉप हवेत. रॅम किमान ४ जीबी, ८ असेल तर बरे. कीबोर्डवरची सगळी बटणे चालली पाहिजेत, इन्सर्ट तर हवेच, आणि एफ व जे वरचे उंचवटे झिजलेले नकोत. आवाज स्वच्छ यावा. पडद्याला तडा असेल तर बिनधास्त द्या. पूर्ण अंध विद्यार्थ्याचे त्यावाचून काही अडत नाही. वायरवाले इअरफोनही आणा. ब्लूटूथवाल्यांत आवाज जरा मागून येतो आणि टाइप करताना त्याचा वैताग होतो. पैसे द्यायचे असतील तर लेखनिकांच्या पीएमपी भाड्यासाठी आणि परीक्षेच्या दिवशीच्या नाश्त्यासाठी द्या. चार तास लिहिणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला उपाशी पाठवायचे नाही, एवढा एक खर्च आम्ही कधी कापत नाही.

वर्गमित्रांकडून पैसा नको, दोन ओळी हव्यात. वेळापत्रकाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकलात की त्याखाली तारीख, वेळ, खोली टाइप करा. नुसता फोटो स्क्रीन रीडरला "इमेज" एवढाच कळतो. मग तास रद्द झाल्याची सूचना सगळ्यांना मिळते आणि एकजण रिकाम्या वर्गात बसून राहतो. सहलीचे, गॅदरिंगचे, कँटीनमध्ये जमायचे बेतही याच ग्रुपवर ठरतात, तेव्हा तिथेही टाइप करा. आणि गाड्या फुटपाथवर, जिन्याच्या तोंडाशी लावू नका.

नावे दिवाळीच्या सुट्टीआधी हवीत, कारण लेखनिकाची कागदपत्रे नंतर वेळेत होत नाहीत. दर शनिवारी सकाळी ११ ते १ आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसतो. लेखनिकांनी चालू वर्षाचे कॉलेजचे ओळखपत्र, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि दोन फोटो आणावेत; अठरा वर्षांखालच्यांनी पालकांचे संमतीपत्रही. वाचकांनी फक्त चष्मा विसरू नये.