शंभर मिलिमीटरच्या रेघेबद्दल आभार

प्रीप्रेसमधल्या (छपाईपूर्वी फाइल तपासणाऱ्या विभागातल्या) ताईंना,

सप्रेम नमस्कार.

मापात न बसणारी फाइल कोणताही छापखाना परत पाठवतो. तुमच्याकडून ती परत येते तेव्हा सोबत एक आकडा असतो: ‘आडवी रेघ ९७.२, उभी ९८’, म्हणजे फाइलमधली १०० मिलिमीटरची रेघ प्रत्यक्षात किती भरली ते. त्या आकड्यासाठी आम्हा डिझाइन करणाऱ्यांचे हे आभार. माप किती टक्क्यांनी चुकलं हे कळलं, की ते कुठे चुकलं हेही बहुतेक वेळा कळतं. ही नजर तुम्ही आम्हाला दिलीत.

मुळात ती रेघ काढायला तुम्हीच सांगितलंत. ट्रिमच्या (कापलेल्या तयार पानाच्या) बाहेर, स्लगमध्ये (कापून जाणाऱ्या, टिपांसाठी राखलेल्या जागेत) एक आडवी, एक उभी, दोन्ही १०० मिलिमीटर. जॉब लहान असेल तर ५०. जाडी ०.२५ पॉइंट (१ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग), टोकं बट कॅप (रेघेच्या टोकाशीच संपणारी), कारण प्रोजेक्टिंग कॅप (टोकापुढे जाणारी) ठेवली तर रेघ स्ट्रोकच्या जाडीइतकी लांबते. पीडीएफ काढताना स्लग सामील करण्याची खूण करायची, नाहीतर रेघ फाइलमध्ये येतच नाही. आणि ती आर्टवर्कच्या फाइलमध्येच हवी. इंपोझिशन (छपाईच्या मोठ्या कागदावर पानांची मांडणी) करताना वरून ओढलेली रेघ बरोबर भरेल आणि आर्टवर्क तरीही लहान असेल. प्रूफवर (तपासणीसाठी काढलेल्या छापावर) मोजताना स्टीलची पट्टी शून्यापासून न लावता १० च्या खुणेपासून लावायची, कारण पट्टीचं टोक झिजलेलं असतं. इतक्या बारकाईने सांगणारं माणूस लाभणं सोपं नाही.

तुमच्या आकड्यांमागचा हिशेब आता आमच्या भिंतीवर लावलेला आहे. रेघ ७५ भरली तर संशय एसव्हीजी या चित्रांच्या फाइलप्रकारावर. चित्रं काढण्याच्या सॉफ्टवेअरपैकी इलस्ट्रेटर एसव्हीजी लिहिताना इंचाला ७२ पिक्सेल धरतो, तर इंकस्केप आणि ब्राउझर ९६ धरतात. ७२ भागिले ९६ म्हणजे ०.७५. ९३.७५ टक्के आले तर फाइल इंकस्केपच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्तीतली असणार, कारण तेव्हा इंचाला ९० धरत. नवी आवृत्ती अशी फाइल उघडताना याबद्दल विचारते, तो प्रश्न घाईत बंद करू नये. डायलाइन (खोक्याच्या कापण्या-दुमडण्याच्या रेषा) डीएक्सएफ या आराखड्यांच्या फाइलप्रकारात आली आणि एकक लिहिलेलं नसलं, तर चूक थेट २५.४ पट होते: १०० मिलिमीटरचं २५४० किंवा ३.९४. ही चूक आंधळ्यालाही दिसते, म्हणून ती फारशी घातक नाही.

घातक आहेत ते दोन-तीन टक्के. ए४ पानाला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा छापील भाग) दिलं की फाइल २१६ × ३०३ होते. ती २१० × २९७ च्या चौकटीत ओढून बसवली, तर रुंदी ९७.२ टक्के आणि उंची ९८ टक्के होते. दोन दिशांचे आकडे वेगळे आले की ब्लीडकडे बघा, हे तुमचं सांगणं प्रत्येक वेळी खरं ठरतं. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ घेताना इम्पोर्टचे पर्याय उघडून ट्रिम किंवा ब्लीड यांपैकी कोणता बॉक्स धरायचा ते निवडावं, आणि नंतर स्केल १०० टक्के आहे ना हे पाहावं. दोन्ही दिशांना सारखाच आकडा आला, ९४ ते ९७ च्या आसपास, तर बहुधा फाइल निर्दोष असते. प्रूफ काढताना ‘फिट’ निवडलेलं असतं. ‘ॲक्च्युअल साइज’ निवडून पुन्हा काढावं.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना तुम्ही बारकोड दाखवता. ईएएन-१३ चा (दुकानातल्या मालावरच्या १३ अंकी बारकोडचा) मूळ आकार बाजूच्या मोकळ्या जागेसकट ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर, आणि तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही. जागा वाचवायला आधीच ८० वर ठेवलेला बारकोड वरच्या ९७.२ टक्क्यांच्या चुकीने ७७.८ वर जातो. स्क्रीनवर काहीच कळत नाही.

क्रॉप मार्कचं (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या रेघांचं) पानाच्या कडेपासूनचं अंतरही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. इनडिझाइन ते आपोआप ६ पॉइंट ठेवतं, म्हणजे सुमारे २.१ मिलिमीटर, त्यामुळे मार्क ३ मिलिमीटरच्या ब्लीडमध्ये घुसतात. कटिंग जरा हललं की कडेला काळी रेघ. अंतर ३ मिलिमीटर करायला क्षणभर पुरतो.

फोटोंचा प्रश्न वेगळा. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ११८१ पिक्सेल म्हणजे १०० मिलिमीटर. मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून पाठवला की या घनतेची नोंद गळून पडू शकते. मग ७२ धरलं गेलं तर तोच फोटो सुमारे ४१७ मिलिमीटरचा होतो आणि कुणीतरी तो डोळ्याने ओढून लहान करतं. फोटोशॉपमध्ये रीसँपलची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण काढून टाकून ३०० लिहिलं की माप परत येतं. पण ॲपने पिक्सेलच कमी केले असतील तर इलाज नाही. फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.

फ्लेक्सोच्या (लवचिक प्लेटने होणाऱ्या छपाईच्या) कामात प्लेट सिलिंडरवर गुंडाळताना ताणली जाते, त्याची भरपाई म्हणून आर्टवर्क एका दिशेने आखूड करावं लागतं. ते तुम्ही प्लेटच्या जाडीवरून आणि सिलिंडरच्या परिघावरून काढता. आमच्याकडून पूर्ण मापाचीच फाइल हवी, हे तुम्ही स्पष्ट सांगितल्यामुळे भरपाई दोनदा होत नाही.

मोठ्या बॅनरबद्दल तुमची सूचना आजपासून पाळली जाईल. पीडीएफ १.५ पर्यंत पानाची बाजू १४४०० पॉइंटपर्यंतच, म्हणजे ५०८० मिलिमीटर. त्यापुढचं काम १:१० वर करून फाइलच्या नावातच ‘१_१०’ आणि तयार माप लिहू. त्या फाइलमधली रेघ १० मिलिमीटरची असेल, म्हणजे छापल्यावर ती १०० भरेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
डिझाइन विभागातली मंडळी