दामोदर हॉलविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री पालखी बसते त्या सहाणेवर नमनाच्या लोकनाट्याची तालीम चालू असताना मृदुंग वाजवणाऱ्या एका मुलाने मला विचारले की, शाळेच्या भिंतीवरच्या फरशीत ‘दामोदर हॉल येथील नमनाच्या उत्पन्नातून’ असे कोरले आहे, तर तो हॉल गुहागरात नेमका कोठे आहे. मला फार वाईट वाटले.

मग तालीम थांबवून मी सगळ्या मुलांना सांगितले की, मुंबईत परळचे हे नाट्यगृह 1922 साली सोशल सर्व्हिस लीगने उभारले आणि ती संस्था 1911 साली स्थापणारे ना. म. जोशी आपल्याच कोकणातले, रायगडातल्या गोरेगावचे. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन करण्यासाठी बाबासाहेबांनी 9 मार्च 1924 रोजी बैठक बोलावली तीही तेथेच.

एवढे कोणत्याही पुस्तकात सापडेल. परंतु गिरणीतली पाळी संपवून थेट खोलीवर तालमीला येणारे, गिरणीच्या खात्याखात्यांतून तिकिटे खपवणारे आणि नमनातले गण, गौळण, संकासूर करून जमलेली रक्कम गावच्या शाळेच्या कौलांसाठी पाठवणारे चाकरमानी कोठेही नोंदलेले नाहीत. माझ्या मते त्या रंगमंचाचा अर्धा इतिहास त्यांचाच आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, माणसे डोंबिवली-विरारपर्यंत पांगली, तरी कोकणातली मंडळे नमन आणि शक्ती-तुऱ्याची सवाल-जवाबी गाणी घेऊन दामोदरलाच येत राहिली. 2023 च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी त्याला कुलूप लागले. जुनी वास्तू पाडण्याविरुद्ध नाट्यकर्मी आंदोलनात उतरले, तेव्हा बाबा, आपण दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता, हे आईने मला फोनवर सांगितले होते.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या मंडळाने तेथे पहिले नमन कोणत्या साली केले, तिकीट किती होते, गणपतीचा मुखवटा गावाहून कसा नेला, आपल्या आधी गौळणीतली राधा कोण होत असे, हे सारे आठवेल तसे लिहून द्यावे. आपला हात थरथरतो हे मी जाणतो. आपण सांगावे आणि आईने लिहावे. तिकिटे विकताना तीही आपल्याबरोबर चाळीचाळींतून फिरली होती, तेव्हा तिलाही पुष्कळ आठवत असेल.

ताई शिमग्याला येईल तेव्हा तिच्याबरोबर वही पाठवावी. पालखी सहाणेवर बसली की त्या रात्री मी ती मुलांना वाचून दाखवीन.

आपला आज्ञाधारक,
धाकटा