मुलांच्या चित्रावर खोडरबर कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दुसरीच्या मुलांनी स्वतःला हुबेहूब रेखाटल्याचे कौतुक आपण कालच्या अंकात केलेत. ते सेल्फ पोर्ट्रेट प्रदर्शन मी पाहिले आहे. भिंतभर चेहरे लावलेत आणि सगळे एकाच साच्यातले: तोच लंबगोल, तेच बदामी डोळे, तेच लाल ओठ. बाईंनी पेन्सिलीने चेहरे आधीच काढून दिले होते, मुलांनी बहुतेक रंगच भरले.

माझी नात त्याच वर्गात आहे. तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेत. तिने त्या लंबगोलात तोंड उघडे काढले, वरच्या ओळीत दोन दातांची जागा मोकळी ठेवली आणि तिथे जिभेचे टोक काढले. दिवसभर तिची जीभ त्याच फटीत जात असते, म्हणून ती चित्रात आली. बाईंनी ते खोडले. "फोटोत बरं दिसत नाही" म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने मिटलेले हसरे ओठ काढून दिले. खोडून खरखरीत झालेला कागद बोटाला लागतो. घरी आल्यावर नात म्हणाली, "आजी, ते माझं नाहीये." खाली नाव मात्र तिचेच आहे.

चित्रकार व्हॅन गॉगने कान कापून घेतल्यानंतर १८८९ मध्ये पट्टी बांधलेल्या अवस्थेत स्वतःचे चित्र काढले. जखम डाव्या कानाला होती, चित्रात पट्टी उजवीकडे दिसते, कारण आरशात ती तशीच दिसत होती. त्याने काही लपवले नाही. मग सात वर्षांच्या मुलीने पडलेले दात का लपवायचे?

मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली आहे. या वयाची मुले डोळे पार कपाळात काढतात, डोके धडापेक्षा मोठे करतात. ते चुकलेले नसते, त्या वयाचे तसेच असते. डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या मधोमध येतात, हे पाचवी-सहावीत पेन्सिल धरून मोजायला लावले की त्यांचे त्यांनाच पटते. दुसरीत दोघांत एक छोटा आरसा पुरतो. आधी डोळे मिटून बोटांनी चेहरा चाचपायचा, भुवई कुठे संपते, नाकाचे हाड कुठवर आहे, आणि मग आरशात बघायचे. रंगही तसाच. दुकानात 'स्किन कलर' म्हणून मिळणारा फिकट गुलाबी खडू ठाण्यातल्या किती मुलांच्या अंगाशी जुळतो? तपकिरीत पिवळा, थोडा लाल मिसळून मनगटाशी धरून बघू द्या. वर्गात नुसता गलका होतो, पण प्रत्येकाचा रंग वेगळा निघतो.

एकट्या बाईंना मी दोष देत नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) कलेसाठी निदेशक, म्हणजे ती शिकवणारा, दिला तो सहावी ते आठवीला, तोही अर्धवेळ आणि पट शंभरच्या वर असेल तरच. त्याखालच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या बाईच चित्रकला घेतात आणि वर प्रदर्शनही 'चांगले दिसायला' हवे असते. ते कोणाला चांगले दिसायला हवे, हे शाळेने आणि पालकांनी सांगावे. घरी रात्री बसून मुलांची चित्रे 'नीट' करून देणाऱ्या आयाही मी पाहिल्या आहेत.

आणखी एक तक्रार आपल्याबद्दल. बातमीसोबतच्या फोटोत पाहुणे आणि मुख्याध्यापिका रांगेत उभे आहेत, चित्रे त्यांच्या पाठीमागे झाकली गेली आहेत. खाली सगळ्या मोठ्यांची नावे, मुलाचे एकही नाही. जागेची अडचण असेल तर पाहुणे कमी करा. आणि आपल्या बातमीदाराला कृपया सांगा, फीत कापून झाली की लगेच निघू नका. एखाद्या मुलाला त्याच्या चित्राजवळ न्या आणि विचारा, यातलं तू काय काढलंस?

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे