दरवाजे मोजायला शिकवा

महोदय,

जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय भरत आला की आमच्याकडच्या ग्रुपांवर 'जायकवाडी फुटलं' छापाचे व्हिडिओ सुरू होतात. असाच एक आला आणि घरात धावपळ उडाली. आठवीतला नातू म्हणाला, "आजोबा, आधी दरवाजे मोजा." जायकवाडीला २७ दरवाजे, व्हिडिओत जेमतेम दहा! शिवाय मागे उंच डोंगर. (पैठणला डोंगर कुठून आणणार?)

हे त्याला शाळेने शिकवलेलं नाही. चित्र नीट बघणं, ते जुनं आहे का हे गूगल लेन्सवर शोधणं, यासाठी मराठवाड्यातल्या शाळांनी आठवड्याला एक तास द्यावा. मुलांकडून मोबाइलवर दोन मिनिटांची गावाची गोष्ट करून घ्यावी. कात्री कुठे लावली की अर्थ फिरतो, ते आपसूक कळेल. संगणक कक्षाला कुलूप असलं तरी चालेल.

— एक आजोबा, पैठण