सायकल ट्रॅक आधी सलग करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात सातारा रस्त्यावर पद्मावतीजवळ माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रोज ट्रॅकवरून येणाऱ्या गिऱ्हाइकाचं चाक मी लगेच ओळखतो. पुढचं चाक आऊट आलेलं, म्हणजे वाकडं होऊन डुगडुगणारं, दोन-तीन स्पोक ढिले. प्रत्येक सोसायटीच्या, दुकानाच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. उतरतीला धड उतारही नाही, ब्लॉकची कड उभी. मागे दुधाची किटली नाहीतर रंगाचे डबे बांधलेला माणूस त्या कडेवर आपटला की रिम वाकते. आऊट काढायचे पैसे दोनदा मोजले की तो ट्रॅक सोडून बसच्या बाजूने जायला लागतो. मग म्हणायचं, लोक ट्रॅक वापरत नाहीत.

माझे वडील तासाच्या भाड्याने सायकली द्यायचे. तेव्हा सायकलवर कर होता, बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, पिंपरीच्या कंपन्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. सायकलींचं शहर हे नाव त्या कामगारांनी मिळवून दिलंय.

ट्रॅक मात्र त्यांच्यासाठी म्हणून कधी आलाच नाही. डिसेंबर 2006 मध्ये केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या पैशांतून कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, आली आणि तिच्या कडेने ट्रॅक आला. बीआरटीवर भांडणं झाली, रस्ता पुन्हा खणला गेला, त्यात ट्रॅकचे तुकडे पडले. पुढे डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. 824 किलोमीटरचं जाळं! मला खरोखर आनंद झाला होता. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. कुलूप मोबाइलवर उघडायचं, आणि माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडे तेव्हा साधा फोन होता.

‘आता सायकली राहिल्यात कुठे?’ असं मला पुष्कळजण विचारतात. पहाटे पाचला दुकानासमोर उभं राहा. पेपरवाली पोरं, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, भाजी आणायला मार्केट यार्डात जाणारे. यांची सायकल हौसेची नाही. आणि आकडाच हवा असेल, तर रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 मध्येच लिहून ठेवलंय: मोटारींची वर्दळ तासाला 200 च्या वर गेली, की सायकली तासाला 100 असल्या तरी वेगळा ट्रॅक करता येतो. रुंदी किमान दोन मीटर. सातारा रस्त्यावर 200 मोटारी काही मिनिटांत जातात. दोन मीटरचं म्हणाल तर विजेचे डीपी बॉक्स, झाड आणि लावलेल्या दुचाकी यांतून सायकलचं हँडल निघालं तरी खूप.

माझी मागणी एकच आहे. नवे किलोमीटर जाहीर करण्याआधी स्वारगेट ते कात्रज हा एक पट्टा सलग करा. गेटपाशी ट्रॅक सपाट ठेवा, चढ-उतार मोटारीला करू द्या. तिला इंजिन आहे. डीपी बॉक्स मागे सरकवा. चौकात ट्रॅक संपतो तिथे सायकलसाठी रंगवलेली पट्टी आणि सिग्नल द्या. आज चौक आला की ट्रॅक नाहीसा होतो, आणि नेमकी तिथेच बस डावीकडे वळते. माझ्या गिऱ्हाइकांना जास्त भीती वाटते ती चौकांची.

काम झालं की बिल मंजूर करण्याआधी अभियंत्यांनी हा पट्टा सायकलवरून जाऊन पाहावा, कॅरिअरला वीस किलोचं ओझं बांधून. सायकली मी देतो, भाडं नको.

आपला,
एक सायकल दुकानदार,
पद्मावती, पुणे